पी ००३१ म्हणजे सेन्सर गेला असं नाही

जुलैतली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणता दिवाळी आली. ऑफिसला जाताना नळस्टॉपच्या सिग्नलला थांबले होते, बारीक पाऊस, वायपर किरकिर करतोय, आणि सहज खाली लक्ष गेलं तर मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. कधीपासून लागलाय देव जाणे, कारण सकाळी सोसायटीतून निघताना माझं अर्धं लक्ष डब्यात आणि अर्धं गेटसमोर दुचाकी आडवी लावणाऱ्यावर असतं. गाडी चालत होती व्यवस्थित. आवाज नाही, धक्के नाहीत, टेंपरेचर जागेवर. तरी पोटात गोळा आलाच, कारण मागच्याच महिन्यात इन्शुरन्स भरला होता, पोराच्या क्लासची फी भरली होती, आणि आता हिचं काय दुखतंय.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्यात कंपनीचा काही दोष नाहीये. मी अकाउंट्सवाली बाई, गाडीतलं मला कळतं ते हवा, पाणी, पेट्रोल एवढंच. कळायचं.

तर शनिवारी नवऱ्याबरोबर गॅरेजला गेले. (गाडी माझ्या नावावर, चालवते मी, तरी गॅरेजवाला बोलतो नवऱ्याशीच, नवरा मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर मला विचारतो काय म्हणाला तो.) त्यांनी स्कॅनर लावला, दोन मिनिटांत निकाल. "साहेब, ओटू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेलाय. ओरिजिनल टाकला तर साडेसात हजार, वर मजुरी." स्कॅनिंगचे सहाशे. मी म्हटलं विचार करून सांगते, तर म्हणाला ठीक आहे मॅडम, तोवर दिवा घालवून देतो. आणि दिला घालवून. सोमवारी नव्हता, मंगळवारी नव्हता, बुधवारी सकाळी महाराज परत हजर.

आमचे बाबा आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. एकतीस वर्षं भोसरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, रिटायर झाल्यापासून सोसायटीची पाण्याची मोटर, लिफ्टचं बटण आणि कमिटीचा हिशेब ह्या तिन्हीत नाक खुपसून असतात. त्यांना चहा पिता पिता सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील बदलून टाक. तर त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्यानं मोजलं काय?" मी म्हटलं मोजलं म्हणजे? स्कॅनर लावला ना. "अगं, स्कॅनरनं वाचतात. मोजलं काय?"

आणि मग त्यांची लाडकी गोष्ट, की प्लँटमध्ये पॅनेलवर मोटर ट्रिपचा दिवा लागला की नवीन पोरं सरळ मोटर उचलून रिवाइंडिंगला न्यायला निघायची, आणि निघायचं काय तर कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, एक स्क्रू ढिला. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीये पण त्या दिवशी पहिल्यांदा साडेसात हजारांची वाटली.

त्याच रात्री गाडीतला दोषाचा कोड मोबाईलच्या अ‍ॅपवर दाखवणारं ते ब्लूटूथवालं डोंगल मागवलं, ईएलएम ३२७ म्हणून मिळतं, मला सातशेला पडलं. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ एक सोळा भोकांचं सॉकेट असतं, दोन ओळी, आठ वर आठ खाली, त्यात ते बसतं. मोबाईलला पेअर करताना पिन विचारतो, १२३४ टाकायचा, नाही चालला तर ००००. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्या, साधं स्वस्तातलं ब्लूटूथ त्याला चालत नाही, वायफायचं किंवा ब्लूटूथ एलईचं घ्यावं लागतं. आणि एक, त्या सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनला कायम बॅटरी चालू असते, चावी काढली तरी, त्यामुळे डोंगल लावून गाडी पंधरा दिवस उभी ठेवून गावाला जाऊ नका, परत याल तेव्हा बॅटरी बसलेली असू शकते.

तर कोड आला, पी ००३१. बाबांनी जुनी डायरी काढली आणि मला लिहून घ्यायला लावलं, जणू मी ट्रेनी. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन आणि गिअरबॉक्सकडची तक्रार. (बी असेल तर बॉडी, सी असेल तर चेसिस, यू असेल तर गाडीतल्या कॉम्प्युटर्सचं आपापसातलं बोलणं बंद पडलंय.) त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, तिथे १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ कंपनीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, नेटवर दुसऱ्याच गाडीचा अर्थ सापडतो आणि माणूस भलतीकडे जातो. दुसरं शून्य म्हणजे हवा-इंधनाकडचा कप्पा, आणि शेवटचे दोन म्हणजे नेमकी तक्रार. तर ह्या कोडचं पूर्ण वाक्य असं होतं, की बँक १ (एक नंबरच्या सिलिंडरकडची बाजू), सेन्सर १ (इंजिनाकडून पहिला), ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं कंट्रोल सर्किट, लो.

वाचलंत? सेन्सर खराब असं कुठे लिहिलंय त्यात? हीटर लिहिलंय, सर्किट लिहिलंय, आणि लो लिहिलंय. गॅरेजवाल्याने पहिला शब्द वाचला आणि बिल सांगितलं.

आता हा हीटर काय प्रकार आहे ते सांगते कारण मलाही माहीत नव्हतं. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात बसलेला असतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. पेट्रोलला हवेचं प्रमाण साधारण एकास १४.७, वजनाने. बॉशने हे सेन्सर १९७६ मध्ये गाड्यांसाठी बनवायला सुरुवात केली. पण गोची अशी की तो थंड असताना मुका असतो, साधारण तीनशे डिग्रीच्या वर तापला की बोलायला लागतो. मग गरम धुराने तापायची वाट बघत बसण्यापेक्षा त्याच्या पोटात छोटी शेगडी दिली, तोच हीटर. तो बंद पडला तर गाडी थांबत नाही, फक्त सेन्सर तापेपर्यंत कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल सोडतो, आणि अंदाज नेहमी सढळ हाताचा. माझं ऑफिस घरापासून पाच किलोमीटर, म्हणजे निम्मा रस्ता अंदाजातच. तेव्हा आठवलं की अ‍ॅव्हरेज लिटरला एक-दीड किलोमीटरने घसरलं होतं आणि मी पावसातल्या ट्रॅफिकला शिव्या देत होते.

म्हणजे हा पिवळा दिवा मुळात इंजिनाच्या तब्येतीचा नाहीच, धुराचा आहे. कॅलिफोर्नियात धुरक्याने लोक हैराण झाले त्यातून हे सगळं निघालं, १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष पकडून हे कोड द्यायची सोय, सक्तीचं झालं, आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून. आपण पुणेकर रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो आणि जिला एआरएआय टेकडी म्हणतो, ती एआरएआय म्हणजे गाड्यांच्या चाचण्या करणारीच संस्था, १९६६ पासूनची, धुराच्याही चाचण्या होतात तिथे. आणि मी तिच्या पायथ्याशी हे असलं धुरकट इंजिन घेऊन रोज येजा करत होते. गंमत म्हणजे जूनमध्येच पीयूसी काढलं होतं.

बरं, लो म्हणजे काय. बाबांनी वहीत चित्र काढलं. हीटरला एका बाजूने फ्यूजमधून बारा व्होल्ट येतात, दुसरी बाजू कॉम्प्युटरकडे जाते, आणि कॉम्प्युटर ती बाजू अर्थ करून, म्हणजे मायनसला जोडून, हीटर चालू-बंद करतो. बंद असताना हीटरमधून पलीकडचे बारा व्होल्ट कॉम्प्युटरच्या पायावर दिसायला हवेत. ते दिसलेच नाहीत, म्हणून तो म्हणतो लो. आता ते न दिसायला कारणं किती, तर हीटरची तार आतून जळाली, किंवा अलीकडे फ्यूज गेला, किंवा मधली वायर तुटली, किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झाली. सेन्सर बदलून ह्यातलं एकच कारण जातं. बाकीच्यांत साडेसात हजार घालून दिवा तसाच.

अजून एक गोष्ट अ‍ॅपमध्ये सापडली, फ्रीझ फ्रेम. दोष पकडला त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती त्याचा फोटो म्हणा. आमच्यात होतं स्पीड ०, कूलंट २६ डिग्री, आरपीएम तेराशेच्या आसपास. म्हणजे सकाळी पार्किंगमध्ये, गार इंजिन, नुकतीच चावी फिरवलेली. खड्ड्यात आदळून झालेलं नाही, इंजिन तापल्यावर झालेलं नाही. बाबा म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट नाही मग. तार तरी तुटलीये नाहीतर हीटर तरी." आणि हे लक्षात घ्या, गॅरेजमध्ये कोड पुसला तेव्हा आधीचा हा फोटोही पुसला गेला होता, पुसायचा असेल तर आधी मोबाईलमध्ये टिपून ठेवा. दिवा लगेच परत का नाही आला तेही ह्यातच आहे, बऱ्याच दोषांना कॉम्प्युटर पहिल्या फेरीत नुसतं मनात धरतो, पेंडिंग म्हणतात, दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लावतो. सोमवारी-मंगळवारी मी मेट्रोने गेले होते, गाडी हललीच नव्हती मंगळवार संध्याकाळपर्यंत.

रविवारी सकाळी सात वाजता, गाडी पूर्ण गार असताना (गरम असताना तिथे हात घालू नका, पोळतं आणि चांगलंच पोळतं), आम्ही दोघं बेसमेंट पार्किंगमध्ये. बाबांच्या गळ्यात चष्म्याची दोरी, हातात त्यांचा पिवळा मल्टिमीटर ज्याच्या एका पिनला इन्सुलेशन टेप गुंडाळलाय. वॉचमनकाका मोबाईलचा टॉर्च धरून उभे, त्यांना आमच्यापेक्षा जास्त उत्साह.

सेन्सरचा प्लग काढला. चार वायरी, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या, आमच्यात पांढऱ्या, त्या हीटरच्या. त्यांच्यात ओहम मोजले. साडेसात. हीटर जळालेला असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, सरळ ओपन. म्हणजे शेगडी जिवंत. मी खरंच टाळी वाजवली, बेसमेंटमध्ये घुमली. मग गाडीकडच्या प्लगमध्ये चावी ऑन करून व्होल्ट बघितले, काळी पिन बॅटरीच्या मायनसला. बारा यायला हवेत. शून्य. फ्यूज काढून बघितला, धडधाकट. बाबा परत म्हणाले बघ, आणि मग प्लगपासून मागे वायरीवरून बोट फिरवत निघाले, त्या काळ्या नालीदार नळीवरून, बॅटरीच्या ट्रेखालून आत, आणि एका ठिकाणी थांबले.

"आण गं टॉर्च."

नळीला एवढं मोठं भोक, नखाएवढं, कडा दातरलेल्या. आत तीन वायरी, दोघींची साल गेलेली आणि तिसरी तुटून तांबं पिंजारलेलं, पावसाच्या दमटपणाने हिरवट पडलेलं. आणि ट्रेच्या कोपऱ्यात शेंगदाण्याची टरफलं, अर्धी सुतळी आणि काळ्या लेंड्या. उंदीरमामा. पावसाळ्यात नाल्याकडची बिळं पाण्याने भरली की हे आमच्या बेसमेंटला राहायला येतात, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाइतकी उबदार खोली त्यांना कुठे मिळणार. तरी मी कमिटीच्या ग्रुपवर मेमध्येच लिहिलं होतं की जाळ्या लावा, त्यावर अकरा अंगठे आले आणि जाळी एकही नाही.

दुरुस्ती पाऊण तासाची. बॅटरीचा मायनस काढला, वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेंशन बोर्ड आणला, काळी पडलेली टोकं कापून नवा तुकडा जोडला, सोल्डर, वर स्लीव्ह गरम करून बसवली, बाकी दोघींनाही स्लीव्ह, वरून नवीन नळी. स्लीव्ह, नळी आणि सोल्डर वायर मिळून एकशे ऐंशी रुपये, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बाबा आदल्या दिवशीच घेऊन आले होते. (म्हणजे त्यांना आधीच वाटत होतं. बोलले नाहीत पण.) एक मात्र त्यांनी बजावलं, तुटलेली वायर गाडीच्या बाजूची होती म्हणून सोल्डर चाललं, सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीला सोल्डर करायचं नाही, कारण बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच घेतात, सोल्डर-फ्लक्स आत गेला की श्वास बंद.

कोड पुसला, चावी लावली, गाडी चालू. दिवा नाही. पण मी आता शहाणी झाले होते, लगेच नाचले नाही, चार दिवस रोज अ‍ॅपमध्ये पेंडिंगची यादी बघितली, रिकामी. आणि पुढच्या सेन्सरचा ग्राफ बघत बसले, गाडी तापली की तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली वरखाली नाचतो, छान दिसतं ते, नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला ईसीजीसारखं आहे.

तेव्हापासून मी आमच्या खानदानाची ओबीडीवाली झालेय. गणपतीत मावसभाऊ आला तो घाबरलेला, कात्रजच्या जुन्या घाटात गाडी लटलट हलायला लागली आणि पिवळा दिवा उघडझाप करतोय. तर हे वेगळं प्रकरण आहे. दिवा नुसता लागलेला असेल तर दोन दिवस दम धरता येतो, उघडझाप करत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) इतका आहे की न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळेल, आणि तो ऑक्सिजन सेन्सरपेक्षा कितीतरी महाग, तेव्हा पाय हलका करायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. (लाल दिवा, ऑइलचा किंवा टेंपरेचरचा, तर विचारच नाही, लगेच बंद.) त्याचा कोड पी ०३०२, दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आता ठिणगीचा प्लग, त्याला करंट देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, काहीही असू शकतं. बाबांनी दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरला लावली आणि चारची दोनला, कोड पुसला, सोसायटीला दोन चकरा मारल्या. आला पी ०३०४. कॉइलबरोबर तक्रारही चारला गेली, म्हणजे कॉइलच चोर. एक रुपया खर्च नाही. मग नाना पेठेत जाऊन एकच कॉइल आणली, त्याला आधीच्या ठिकाणी चारही बदला म्हणून सांगितलं होतं.

आणि एक जण मला घाबरून विचारत होती की अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम +७ दाखवतंय, इंजिन गेलं का. नाही गं बाई. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा सात टक्के पेट्रोल जास्त देतोय एवढाच अर्थ, आणि हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो त्यामुळे त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, जुनी गाडी तेवढं भरून काढते. दहाच्या आत-बाहेर फार फरक नसेल तर झोपा शांत. वीस-पंचवीसला पोचलं आणि पी ०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला की मग शोधा हवा कुठून शिरतेय ते, की पेट्रोलच कमी येतंय.

गॅरेजवाल्यावर राग नाहीये माझा. त्याच्याकडे दिवसाला पंधरा गाड्या, वायरीवरून बोट फिरवत तास घालवला तर त्याचे पैसे कोण देणार, आपणच म्हणणार की नुसती वायर जोडली आणि हजार रुपये घेतले. पण आता मी गेले की आधी विचारते, मोजलं का. तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो, नवऱ्याशी नाही.

बाबांनी बोनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधून ठेवलीये, एसी लावला की आईला ठसका लागतो आणि ती म्हणते ह्या गाडीत बसलं की माझ्या सासऱ्यांची आठवण येते. आणि डॅशबोर्डच्या खणात त्यांनी ती डायरी ठेवलीये, कारखान्यातल्या लॉगबुकसारखे रकाने आखून. पहिली नोंद त्यांच्या अक्षरात अशी आहे:

कि.मी. ८४,३१२. तक्रार: पी ००३१. तपासणी: हीटर ७.५ ओहम, सप्लाय ० व्होल्ट. कारण: उंदीर. पार्ट बदलला: नाही. सही.

सहीच्या खाली मदतनीस म्हणून माझं नाव आहे, आणि त्याखाली वॉचमनकाकांचं.